ओट्यासमोर काढलेलं चाक

माझ्या सासऱ्यांची मोटरसायकल आता मी चालवते. ते गेल्यावर बरेच महिने ती घराच्या कडेला निळ्या ताडपत्रीखाली उभी होती. नवऱ्याला न्यायला कंपनीची बस येते, त्यामुळे त्याला तिची गरज पडली नाही. मी शिकवते ती शाळा खोपटला आणि घर खाडीकाठच्या कोळीवाड्यात, जिथे सकाळच्या वेळी रिक्षावाला आत यायला तयार होत नाही. एका रविवारी मी ताडपत्री ओढून काढली, टाकी पुसली, आणि तेव्हापासून गाडी माझी झाली. लग्नाआधी डोंबिवलीत मी बाबांची गिअरची स्कूटर चालवलेली होती, म्हणून फारशी भीती वाटली नाही.

गाडीत खोट काही नव्हती. फक्त मागचा ब्रेक दाबला की ती किंचाळायची. बारीक, लांबलेला, दात आंबवणारा आवाज. ब्रेक नीट लागायचा, पण थांबेपर्यंत तो आवाज बरोबर यायचा. माजिवड्याच्या सिग्नलला मी थांबले की आजूबाजूचे सगळे हेल्मेटांच्या आतून माझ्याकडे बघायचे. गॅरेजवाल्याला दाखवली तर त्याने गाडीवर एक चक्कर मारली आणि म्हणाला, “ब्रेक लागतोय ना, मॅडम? मग आवाजाचं कशाला टेन्शन घेता?” मी तेवढ्यावर समाधान मानलं होतं. गाडीचा स्वभावच तसा, असं धरून चालले होते.

तो आवाज सहन होत नव्हता तो माझ्या सासूला. मी तिला आई म्हणते आणि अगं-तुगं करते. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने सांगितलं होतं, “मना तुमी-बिमी बोलू नको, परक्यासारखा वाटतं.” आईला बंद गाडीत बसवत नाही. रिक्षात, बसमध्ये, कशातही बसली की तिचं पोट ढवळतं. त्यामुळे दादा, म्हणजे माझे सासरे, असेपर्यंत ती जिथे जाईल तिथे याच मोटरसायकलवर त्यांच्या मागे बसून जायची. ते गेले आणि तिचं जाणंच थांबलं. बाजार आणि घर, घर आणि देऊळ. खाडीकडची खिडकी उघडून बसायची. भरती-ओहोटी बघण्यात दिवस निघायचा.

तिची धाकटी बहीण, आमची मावशी, शीळफाट्याच्या पुढे एका गावात राहते. रोज संध्याकाळी दोघींचा फोन असायचा. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मावशी अंगणात घसरून पडली आणि तिच्या पायाला प्लास्टर बसलं. आता फोनवर ती एकच म्हणायची, “तू ये.” आई म्हणायची, “येन गं, येन.” आणि फोन ठेवून पुन्हा खिडकीशी जाऊन बसायची.

शाळेला सुट्टी लागली तेव्हा मी म्हटलं, “आई, मी नेते तुला. अर्ध्या-पाऊण तासाचा तर रस्ता.”

“तुज्या गाडीवर मी नाय बसनार.”

“माझी कुठे? दादांचीच आहे.”

“दादांच्या हातात व्हती तवा ती अशी रडत नव्हती.” ती खिडकीतून बाहेर बघतच बोलत होती. “आता थांबली का रडते. सगले वलून बगतात. गाडीला बगतात, नि मग मागं कोन बसलंय ते बगतात. मना लाज वाटते.”

लाज नुसत्या आवाजाची नव्हती, एवढं मला कळलं. त्या गाडीवर तिला दुसऱ्या कोणाच्या पाठीमागे बसलेलं लोकांनी अजून पाहिलेलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी डोंबिवलीला बाबांना फोन केला. बाबा बँकेतून निवृत्त झाले आहेत. मी लहान असताना रविवारी सकाळी ते इमारतीच्या आवारात जुनी चादर अंथरून स्कूटर खोलायचे आणि मी शेजारी उकिडवी बसायचे. सगळं ऐकून ते शांतपणे म्हणाले, “चाक काढ. ब्रेकचे लायनर गुळगुळीत झाले असतील, आत धूळ बसली असेल. घरी होण्यासारखं काम आहे. आपण उद्या व्हिडिओ कॉलवर करू.”

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी गाडी ओट्यासमोर मेन स्टँडवर चढवली. दिवाळीच्या दिवसांत आमच्याकडे दुपार फार हळू सरकते. होड्या गाळात कलंडून पडलेल्या असतात, जाळी वाळत असतात, आणि उन्हाला पावसाळ्यानंतरचा मऊपणा आलेला असतो. आई ओट्यावर सूप घेऊन सुका जवळा निवडत बसली होती. मी फोन वरवंट्याला टेकवून उभा केला. पडद्यावर बाबांच्या ऐवजी त्यांच्या खोलीतला पंखा दिसत होता.

“नमस्कार, विहीणबाई. कशा आहात?” पंखा म्हणाला.

आईने पदर सारखा केला. “बरी हाय. तुमची पोर गाडी सोडवाय बसलीय बगा. परत जोडंल का नाय, ठाव नाय.”

“जोडेल, जोडेल. मी आहे ना.”

मग बाबा सांगत गेले आणि मी करत गेले. आधी ब्रेकच्या दांड्याचा नट सोडवला, मग चाकाच्या आसाचा. तो काही केल्या हलेना. पाना धरून मी त्यावर जवळजवळ उभी राहिले, तेव्हा एकदम कुरकुरत सुटला. आस ओढून बाहेर काढला आणि चाक माझ्या मांडीवर आलं. सुटलेला एकेक भाग मी आईने दिलेल्या परातीत क्रमाने मांडत होते. शेजारच्यांची मांजर आली, परातीचा वास घेतला, आपल्या कामाचं काही नाही असं ठरवून टायरच्या सावलीत झोपली.

ब्रेकची तबकडी अलगद उपसून निघाली. तिच्यावर अर्धचंद्रासारखे दोन लायनर आणि सगळ्यावर काळ्या पिठासारखी धूळ. मी वाकून फुंकर मारणार तेवढ्यात बाबा म्हणाले, “फुंकू नकोस, ती धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने पूस.” मी पुसलं. धूळ गेल्यावर लायनर दिसले. नव्या पाटीसारखे चकचकीत, हात घसरेल असे.

“हेच ते,” बाबा म्हणाले. “चकाकी आली की घासताना आवाज करतात. पॉलिश पेपरने चकाकी घालव. खरखरीत लागले पाहिजेत बोटाला.”

मी पॉलिश पेपर घासत बसले. त्या एकसुरी आवाजात, जवळ्याच्या आणि ग्रीसच्या मिसळलेल्या वासात मला गुंगी आल्यासारखं झालं. डोंबिवलीचं आवार आणि हे अंगण एकमेकांत मिसळायला लागलं. फडक्यावर मांडलेले बाबांचे नट, त्यांच्या मानेवरचा घाम, इथली परात, इथली मांजर. मी किती वर्षांची आहे ते क्षणभर सांगता आलं नसतं.

मधेच मडगार्डच्या आत हात घातला तर बोटाला काहीतरी चिकटलं. पातळ, पारदर्शक, नखाएवढं. उन्हात धरलं तर चमकलं. माशाचा खवला होता. दादा मागे टोपली बांधून मासळी पोचवायला जायचे, तेव्हाचा कधीतरी वाळून तिथे बसलेला. मी तो आईला दिला. तिने बोटाच्या टोकावर घेऊन डोळ्यांजवळ नेला.

“जिताड्याचा,” ती म्हणाली.

“इतक्या दिवसांनी कळतं?”

“एवढा मोटा खवला दुसऱ्या कुनाचा असनार?” तिने तो लगेच टाकला नाही. जवळा निवडताना सुपाच्या कडेला ठेवला. थोड्या वेळाने वाऱ्याची झुळूक आली आणि तो कुठेतरी उडून गेला. तिने शोधला नाही, मीही नाही.

लायनर ज्या खुंटीवर फिरतात तिथे मी पुसटसं ग्रीस लावलं. बाबा दहादा बजावत होते की लायनरला त्याचा थेंबही लागता कामा नये. उन्हं कलताना चाक परत बसलं. परातीत काही उरलं नाही, याचाच मला मोठा आनंद झाला. गाडी घेऊन मी गल्लीतून निघाले. पहिल्यांदा ब्रेक दाबला, आवाज नाही. दुसऱ्यांदा दाबला, नाही. देवळाच्या वळणावर जरा जोरात दाबला आणि ती किंचाळली. आधीपेक्षा मोठ्याने. देवळाच्या पायरीवर बसलेल्या बायकांनी वळून बघितलं.

मी घरी आले. आईने गल्लीतूनच ऐकलं होतं. तिने चहाचा कप पुढे केला. बाबांचा चेहरा, आता खरोखरच चेहरा दिसत होता, पडलेला. “विचार करतो,” एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सकाळी त्यांचाच फोन आला. आवाजात ओशाळलेपणा होता. “अगं, ड्रम आतून घासलास का? लायनर ज्याच्यावर घासतात ती चाकातली बाजू. तीही तशीच गुळगुळीत झालेली असणार. सांगायचं माझ्या लक्षातच आलं नाही.”

म्हणजे दुपारी पुन्हा सगळं सोडवायचं. या वेळी आईने सूप आणलं नाही. ओट्यावरून उतरून ती माझ्यासमोर येऊन बसली. लुगड्याचा काष्टा आवरला, चाक उभं धरलं आणि म्हणाली, “घास. मी धरतंय.”

आम्ही दोघी चाकाच्या दोन बाजूंना. मी आत हात घालून ड्रम गोल गोल घासत होते आणि आई ते दोन्ही हातांनी धरून होती. तारांच्या मधून मला तिचा चेहरा तुकड्यातुकड्यांत दिसायचा. मग तिने आपण होऊन सुरू केलं.

“गाडी आनली तवा त्याला चालवता येत नव्हती. ढकलत आनली व्हती. गल्लीभर लोक हसले.”

“मग शिकले कुठे?”

“तिकरं.” तिने खाडीच्या बाजूला मान उडवली. “मिठागराची जागा व्हती ना, मोकली. तिथं. संध्याकाली जायचा. एक दिवस मी बगाय गेलू तर हा आपला गोल फिरतोय. गोल, गोल. मी हात केला, तर हात पन करीना. मना वाटलं, मस्ती आली याला. किती वेल फिरतोय, किती वेल फिरतोय. कालोख पडाय लागला. मग मोट्यानं वराडला, ‘थांबवायची कशी ते विचार कुनाला तरी.’”

ती हसायला लागली. आधी आवाज न करता, मग खांदे हलवून. चाक तिच्या हातात थरथरत होतं. मी घासायचं थांबवलं. मला ती मोकळी जमीन दिसली, मिठाचे पांढरे पट्टे, आकाशात विझत चाललेला उजेड, आणि त्यात तरुण दादा संथपणे फिरत असलेले, थांबता येत नाही म्हणून. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं, ते हसून आलं की कशाने ते मी विचारलं नाही.

“मग थांबले कसे?”

“पेट्रोल संपलं,” ती म्हणाली. “घास तू.”

आम्ही चाक बसवलं. आईनेच परातीतला एकेक नट माझ्या हातात दिला. मी गाडी काढली, देवळाच्या वळणावर जोरात ब्रेक दाबला. काहीच नाही. बाहेर मोठ्या रस्त्याला लागले, तरी काही नाही. मला विश्वास बसेना, म्हणून मी तशीच माजिवड्यापर्यंत गेले. सिग्नल लाल होता. होडी पाण्यावर तरंगत येऊन काठाला लागावी तशी गाडी थांबली. शेजारच्या स्कूटरवर एक बाई फोनवर बोलत होती, पलीकडे एक डिलिव्हरीवाला जांभई देत होता. पुलाखाली संध्याकाळचे दिवे लागत होते आणि कोणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. सिग्नल सुटल्यावर मागून हॉर्न वाजले तेव्हा मला निघायचं भान आलं.

घरी आले तर आई दारात उभी होती.

“काय झालं?”

“कोणी बघितलं नाही.”

ती वळून आत गेली. थोड्या वेळाने मी पाहिलं तर आरशासमोर अंबाडा सोडून वेणी घालत बसली होती. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. काष्ट्याचं लुगडं असल्यामुळे आई दोन्हीकडे पाय टाकून ऐटीत बसते. आमच्या दोघींच्या मध्ये पिशवी होती, तिच्यात जवळा आणि मावशीसाठी सुके बोंबील. गल्लीतून जाताना तिने कोणाकडे बघितलं नसावं, कारण नेहमी हाक मारणाऱ्या बायकाही गप्प राहिल्या. एक म्हातारी तेवढी म्हणाली, “निगाली का गो?” आणि आई म्हणाली, “बहिनीकरं.”

कळव्याच्या पुलावर तिने मागची दांडी धरलेली होती. मुंब्र्याच्या बायपासला लागलो, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाली पसरलेली वस्ती आणि खाडीचं पाणी. धुकं होतं की धूर, सांगता येत नव्हतं, पण सगळं पांढुरकं आणि अर्धवट दिसत होतं. समोरचे ट्रक त्यात विरघळायचे आणि पुन्हा उगवायचे. अशाच एका ट्रकच्या मागे मला ब्रेक दाबावा लागला. गाडी गुपचूप हळू झाली. तेव्हा तिचा हात माझ्या खांद्यावर आला. आधी बोटं, मग सगळा तळवा. मावशीचं गाव येईपर्यंत तो तिथेच होता, आणि मला वाटत होतं की आपण रस्त्यावरून जात नाही आहोत, रस्ताच आपल्याखालून कोणीतरी हळूहळू ओढून घेतंय.

मावशी पडवीत खाटेवर होती, प्लास्टरचा पाय उशीवर. आई आत शिरली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी अपेक्षा केली होती की आता रडारड होईल.

“एवरी बारीक झालीस?” मावशी म्हणाली.

“तू जाडी झालीस,” आई म्हणाली, आणि खाटेच्या कडेला बसून लसणीची टोपली पुढ्यात ओढली.

मग दोघी लसूण सोलत बोलत राहिल्या. जेवून मी तिथेच चटईवर आडवी झाले. त्यांची बोली मला समजते, पण दोघी बहिणी आपसात बोलायला लागल्या की ती इतकी जलद आणि गोल होते की माझ्या हातून सुटते. झोपेत ते बोलणं लाटांसारखं येत-जात होतं. मधूनच एखादा शब्द ओळखू यायचा, दादा, जाळं, पेट्रोल, आणि मग दोघींचं हसणं. मी मोटरसायकलची गोष्ट झोपेतच दुसऱ्यांदा ऐकली असावी. जाग आली तेव्हा उन्हं दारातून बाहेर गेलेली होती.

“मी ऱ्हातंय इथं,” आईने जाहीर केलं. “तू जा. फोन केला का ये.”

मावशीच्या गावाहून डोंबिवली जवळ, म्हणून मी परत येताना तिकडे वळले. बाबा खाली आवारातच वाट बघत होते. त्यांनी हेल्मेट मागितलं, गाडीवर बसले आणि इमारतीला फेरी मारायला लागले. दर थोड्या अंतरावर मुद्दाम ब्रेक दाबत होते आणि मान तिरकी करून ऐकत होते. माझी डोंबिवलीची आई वरून खिडकीतून ओरडली की चहा निवतोय. शेवटी गाडी लावून ते म्हणाले, “छान झालंय काम.” आणि मग थोडं थांबून, “तू केलंस.” असं ते फार क्वचित बोलतात. चहा पिताना आम्ही दोघंही दुसऱ्याच विषयांवर बोललो.

मावशीकडून आईचा फोन तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला आला. मी न्यायला गेले तेव्हा मावशी काठी धरून उभी राहू शकत होती आणि आई खरोखरच जरा भरलेली दिसत होती. परतीला निघता निघता ऊन उतरायला लागलं. बोलत बोलत आम्ही शीळफाट्यापर्यंत आलो. मावशीच्या सुनेच्या हातची आमटी कशी पातळ असते, शेजारच्या घरात काय चाललंय, सगळं ती माझ्या कानाशी सांगत होती. फाट्याच्या गर्दीतून बाहेर पडल्यावर तिचे शब्द विरळ झाले. मी काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. मग माझ्या खांद्यावर हेल्मेटचं वजन येऊन टेकलं.

आई झोपली होती.

मी गाडी आणखी हळू केली आणि कडेला एका पिंपळाखाली जागा दिसली तिथे थांबवली. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले. इंजिन बंद केलं तरी तिला जाग आली नाही. तिचा श्वास माझ्या पाठीला लागत होता. कंटेनर जायचे तेव्हा आमची गाडी जराशी डोलायची आणि पुन्हा स्थिर व्हायची. रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती, तिथल्या माणसाने हाताने खुणेनेच विचारलं, काही झालं का. मी मान हलवून नाही म्हटलं. डोंगराच्या कडेने उजेड आधी केशरी झाला, मग राखाडी. माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या, पण हलावंसं वाटत नव्हतं.

बऱ्याच वेळाने वजन खांद्यावरून उचललं गेलं.

“आला का घर?” मागून आवाज आला.

“नाय अजून,” मी म्हटलं. “नीज तू.”